गल्लीचा रस्ता दोन वर्षांत तिसऱ्यांदा खणलाय, हे ठरवतं कोण आणि पैसा येतो कुठनं?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. राहायला मुंबईच्या ईस्टर्न सबर्बमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे मस्त डांबर टाकलं, पांढरे पट्टे बिट्टे मारून, आम्ही खूश. दिवाळीनंतर गॅसवाले आले, एका कडेने चर खणून पाईप टाकून गेले, वर पेव्हर ब्लॉक बसवले ते पहिल्या पावसात खाली बसले. आणि आता या जानेवारीत अख्खा रस्ताच उखडला, का तर सिमेंटचा करायचाय. अर्धी बाजू झाली, दुसऱ्या अर्ध्या बाजूला सळया वर आल्यात, मे अर्धा संपला आणि आठवडाभर एक माणूस फिरकलेला नाही. काल रिक्षावाल्याने आईला नाक्यावरच उतरवलं, आत येत नाही म्हणाला, बहात्तर वर्षांची बाई दोन पिशव्या घेऊन फळीवरून चालत घरी आली.

आमचं घर ५०० चौरस फुटांच्या जरासं वर आहे त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्सची माफी नाही, दर वर्षी भरतो. त्या बिलात चक्क 'पथकर' म्हणून वेगळी ओळ आहे. गाडी घेतली तेव्हा आरटीओला रोड टॅक्स दिला तो वेगळा, पेट्रोलमधनं जातो तो वेगळा. मग हा सगळा पैसा जातो कुठे? आणि कुठला रस्ता कधी करायचा हे नक्की कोण ठरवतं? वॉर्डात गेलो तर म्हणतात हे रोड्सवाल्यांचं काम, रोड्सवाल्यांना गाठलं तर म्हणतात वॉर्डात विचारा. कुणाला आतली माहिती असेल तर सांगा प्लीज, नुसत्या शिव्या नकोत, त्या मला येतात.

सगळे_मिळून_खाऊ

किती भोळे आहात राव. ठरवतो कॉन्ट्रॅक्टर, पैसे तुमचे. विषय संपला.

रिटायर्ड_सब_इंजिनीअर

विषय इतक्यात संपत नाही हो. ३१ वर्षं महापालिकेत काढलीत, त्यातली बरीचशी परिरक्षणात म्हणजे ज्याला सगळे मेंटेनन्स म्हणतात तिथे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी पैशाचं. पथकर असं नाव असलं तरी तो पैसा काही तुमच्या गल्लीच्या नावाने वेगळ्या डब्यात पडत नाही. सगळा पालिकेच्या एकाच तिजोरीत जातो आणि तिथनं वाटप होतं. आरटीओला भरलेला कर राज्य सरकारचा, त्याचा पालिकेच्या रस्त्यांशी थेट संबंध नाही. पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचा, एक्साईज आणि सेस केंद्राचा. म्हणजे तुम्ही तीन खिडक्यांवर पैसे भरता आणि तुमच्या गल्लीचा रस्ता करायची जबाबदारी त्यातल्या एकाच खिडकीची, पालिकेची. १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम ६१ मध्ये बंधनकारक कामांची यादी आहे, रस्ते बांधणं आणि राखणं त्यात आहे, म्हणजे जमलं तर करू असा प्रकार नाही.

पालिकेची कमाई पूर्वी मुख्यतः जकातीची. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तिच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला नुकसानभरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. २०२५-२६ च्या बजेटात ती १४ हजार कोटींच्या वर होती. प्रॉपर्टी टॅक्स त्याच्या निम्म्याहून कमी, ५,२०० कोटी धरला होता. बाकी बिल्डरांकडून वाढीव एफएसआयचा म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीचा प्रीमियम, पाणीपट्टी, ठेवींवरचं व्याज. त्या वर्षीचं एकूण बजेट ७४,४२७ कोटी, देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. तेव्हा मुंबईत रस्ता होत नाही तो पैसा नाही म्हणून, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा, जो बाहेरच्या माणसाला कधीच कुणी समजावून सांगत नाही. बजेटचे दोन भाग, महसुली आणि भांडवली. खड्डे बुजवणं, डांबराचा पातळ थर मारणं, पेव्हर ब्लॉक बदलणं हे महसुली, रोजचा घरखर्च म्हणा. रस्ता मुळापासून नवा करणं, सिमेंटचा करणं, बाजूचं पर्जन्य जलवाहिनीचं काम हे भांडवली, म्हणजे घर बांधण्यासारखं. हे दोन खर्च वेगळी माणसं करतात. छोटी कामं वॉर्डातला परिरक्षण विभाग करतो, तिथे एई म्हणजे असिस्टंट इंजिनीअर मेंटेनन्स आणि त्याच्या हाताखाली बीटचे म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागाचे सब-इंजिनीअर. मोठी कामं रस्ते खातं, ज्याला आम्ही सेंट्रल एजन्सी म्हणायचो, त्याचे शहर, पूर्व उपनगरं, पश्चिम उपनगरं असे तीन भाग. तुमचं २०२४ चं डांबर बहुतेक वॉर्डाच्या परिरक्षणातलं असणार, आणि आताचं सिमेंट रस्ते खात्याच्या मोठ्या कंत्राटातलं. दोन याद्या, दोन बजेट हेड, दोन फायली, आणि त्या दोन याद्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून 'अरे हा रस्ता दोन्हीकडे आहे' असं म्हणणारा माणूस त्या वर्षी रजेवर असतो. मी स्वतः असल्या फायलींवर सह्या केल्यात, खोटं कशाला बोलू.

तिसरा_मजला

काका थँक्यू, हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं. पण मग हा सिमेंटचा हट्ट कशासाठी? आमचं डांबर खरंच ठीक होतं हो, गॅसवाल्यांची कड सोडली तर.

रिटायर्ड_सब_इंजिनीअर

डांबराचं आणि पाण्याचं वैर आहे. खडीला धरून ठेवणारं डांबर पाणी साचलं की सुटतं, वरनं बस गेली की खडी उडते, एका रात्रीत खड्डा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात भरणी घालून केलेली जमीन, भरतीला गटारं तुंबतात. म्हणून २०२२ मध्ये सगळेच रस्ते काँक्रीटचे करायचं ठरलं. पालिकेच्या ताब्यात साधारण २,०५० किलोमीटर रस्ते, त्यातले जवळपास निम्मे आधीच सिमेंटचे होते. उरलेल्यांचे दोन टप्पे केले. पहिल्या टप्प्याचं टेंडर ऑगस्ट २०२२ च्या सुमारास निघालं, प्रतिसाद आला नाही म्हणून नोव्हेंबरात रद्द, परत काढलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पाच कंत्राटदारांना साधारण ४०० किलोमीटरचं काम दिलं, ६,०८० कोटींना. त्यातलं शहर भागाचं कंत्राट वर्षभरात काम सुरूच होत नाही म्हणून रद्द करावं लागलं, पुन्हा टेंडर, त्यात वेळ गेला तो गेलाच.

आणि रस्ता निवडायची पद्धत म्हणाल तर कागदावर छान आहे. रस्त्याची अवस्था, रहदारी, पाणी तुंबतं का, तक्रारी किती, खाली कुठल्या लाईन आहेत हे बघून यादी. मग ट्रायल पिट म्हणजे खड्डा खणून खाली काय सापडतं ते बघायचं, मग दरसूचीवरून अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर, स्थायी समिती, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर. कार्यादेश हातात आला तरी ट्रॅफिक पोलिसांची एनओसी लागते आणि मुंबईत तीच सगळ्यात अवघड, कारण पर्यायी रस्ताच नसतो. म्हणून तुमचा रस्ता अर्धा अर्धा करतात. वर्षात कामाचे महिने आठच, ऑक्टोबर ते मे. ३१ मेनंतर खणायचं नाही, जे उघडं आहे ते बंद करून वाहतुकीला द्यायचं, असा नियम आहे. एम-४० दर्जाच्या काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, आता तुम्हीच हिशोब करा, तुमची दुसरी बाजू मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने ओतली तर तिच्यावरनं टँकर कधी जाणार. ती घाई होऊ देऊ नका हे माझं ऐका. अर्धवट राहिलेला रस्ता ऑक्टोबरात नीट करता येतो, कच्चा ओतलेला सिमेंटचा स्लॅब फोडूनच काढावा लागतो.

सगळे_मिळून_खाऊ

४०० किमीला ६,०८० कोटी म्हणजे किलोमीटरला १५ कोटी. १५ कोटी!! सोन्याची खडी घालतात काय? आणि काका तुम्ही २०१६ विसरलात वाटतं.

रिटायर्ड_सब_इंजिनीअर

विसरलो नाही. २०१६ मध्ये ३४ रस्त्यांची चौकशी झाली, खाली जे थर घालायला पाहिजे होते ते घातलेच नव्हते असं निघालं, गुन्हे दाखल झाले, इंजिनीअर आत गेले, काळ्या यादीत कंत्राटदार गेले. माझ्या ओळखीची माणसं होती त्यात. त्या वेळी घरी आल्यावर बायको विचारायची, तुमचं नाव नाही ना कशात.

१५ कोटींचं म्हणाल तर त्यात नुसता स्लॅब नाही, बाजूची पर्जन्य जलवाहिनी, केबलसाठी डक्ट, फुटपाथ, मॅनहोलची लेव्हल, सगळं आहे, आणि रस्त्याची रुंदी किती त्याच्यावर पण आहे. तरीही महाग आहे का, तर माझ्या मते थोडं आहे. पण स्वस्ताचा अनुभव त्याहून वाईट. मध्ये एक काळ होता जेव्हा अंदाजपत्रकाच्या पंचवीस तीस टक्के खाली बोली लावायचे. आम्ही ऑफिसात बसून विचार करायचो की हा माणूस काँक्रीट घालणार कशाचं. काम मिळवायचं, मग व्हेरिएशन म्हणजे वाढीव कामाचे पैसे मागायचे, नाहीतर माल मारायचा. तुम्ही शंभर रुपयांची भाजी साठ रुपयांत मागितली तर भाजीवाला खाली कुजकी भरणारच ना.

चर_खणणारा

गॅसवाल्यांना शिव्या पडल्यात म्हणून लिहितो. मी गॅसमध्ये नाही, इंटरनेटच्या फायबरचं काम घेणाऱ्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे, पण पद्धत सगळ्यांची सारखीच. लोकांना वाटतं आम्ही येतो खणतो आणि पळतो. दादा, खणायच्या आधी पालिकेकडे परवानगी मागावी लागते, मीटरप्रमाणे पैसे भरावे लागतात, फुटपाथचा दर वेगळा, डांबराचा वेगळा, सिमेंटचा सगळ्यात जास्त, रस्ता गॅरंटीत असला तर अजून वाढतो. आणि चर भरून वर पूर्ववत करायचं काम आमचं नसतंच, ते पालिकेने नेमलेला चर पुनर्भरणीवाला कंत्राटदार करतो, त्याचेच पैसे आम्ही आधी भरलेले असतात. आमचं काम लाईन टाकली, माती लोटली, फोटो काढला, संपलं. तो पुढे कधी येतो, आला तर माती ठोकतो का नुसते ब्लॉक मांडतो, त्याच्यावर आमचा कंट्रोल शून्य. ब्लॉक खाली बसतात ते खालची माती पाणी मारून थर थर ठोकली नाही म्हणून. थोडी माती टाकायची, ठोकायची, परत थोडी, असं करायचं असतं, रात्री दोन ते पाचच्या परवानगीत कोण करतंय ते.

आणि अजून एक, खणणारे फक्त आम्ही नाही. पाण्याची लाईन फुटली की पालिकेचंच जल खातं येऊन खणतं, ते अर्जंट असतं म्हणून त्यांना पावसाळा बिवसाळा काही आडवं येत नाही. वीज, टेलिफोन, गॅस, फायबर, ड्रेनेज, सगळ्यांचे नकाशे वेगवेगळे आणि बऱ्याच वेळा नकाशात एक आणि खाली दुसरंच. एकदा आम्हाला एक लोखंडी पाईप लागला तो कुणाचा हे शेवटपर्यंत कुणीच सांगितलं नाही, सगळे म्हणाले आमचा नाही, मग तसाच ठेवून बाजूने गेलो.

नव्या सिमेंटच्या रस्त्यांत डक्ट ठेवतात हे बरं केलंय, आता नवीन काँक्रीट फोडायला परवानगी जवळपास मिळतच नाही. त्यामुळे दादा, तुमच्याकडे आता उखडलंच आहे तर सोसायटीत कुणाला गॅस नाहीतर पाण्याचं नवीन कनेक्शन हवं असेल तर आत्ता धावपळ करा, रस्ता बंद झाल्यावर रडून उपयोग नाही.

बदलापूर_लोकल

तुमची भांडणं वाचून मजा वाटते हो, रागवू नका. तुमच्याकडे पैसा आहे आणि नियोजन नाही, छोट्या नगरपरिषदांकडे आधी पैसाच नसतो. मी अशाच एका नगरपरिषदेत लेखा विभागात होतो काही वर्षं. घरपट्टी पाणीपट्टी जमा झाली की पगार, वीजबिल, कचऱ्याच्या गाड्या, संपलं. रस्ता करायचा तर राज्याच्या नगरोत्थान योजनेतनं मागा, एमएमआरडीए म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जा, वित्त आयोगाच्या अनुदानात बघा, आमदारसाहेबांना पत्र द्या. निधी कुठल्या योजनेतनं मिळतोय त्यावर कुठला रस्ता करायचा ते ठरतं, कुठला रस्ता खराब आहे यावर नाही. आणि निधी येतो फेब्रुवारी मार्चला, मग एकतीस मार्चच्या आत बिलं लावायची धावपळ. तुमच्या गल्लीत आमदार निधीतून, खासदार निधीतून अशा पाट्या असतीलच, ते म्हणजे हेच. आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, त्यात पेव्हर ब्लॉक फार लोकप्रिय, कारण चार दिवसांत होतात आणि पाटी लावायला भिंत मिळते.

सेक्रेटरीबाई

मी पश्चिम उपनगरातल्या एका ४२ घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी, वय ६१, गेली सात वर्षं हाच उद्योग. तिसरा मजला, तुमच्या प्रश्नातला 'कुणाला पकडायचं' हा भाग माझा.

पहिलं, रस्ता कुणाचा आहे ते शोधा. मुंबईत सगळे रस्ते पालिकेचे नाहीत. काही पीडब्ल्यूडीचे, काही एमएमआरडीएकडे, काही म्हाडाच्या लेआउटमधले, पोर्ट अथॉरिटीचे, रेल्वेचे, आरे कॉलनीत दुग्धविकासचे, आणि काही चक्क खासगी, बिल्डरने हस्तांतरच केलेलं नाही. ईस्टर्न आणि वेस्टर्न हायवे २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे होते, मग पालिकेकडे आले, तरी लोक अजून चुकीच्या ठिकाणी तक्रार करतात. आमच्या मागच्या गल्लीसाठी आम्ही दीड वर्ष पालिकेच्या नावाने बोटं मोडली आणि शेवटी कळलं की तो रस्ता आमच्याच जुन्या लेआउटचा खासगी रस्ता आहे! सभेत मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

दुसरं, तुमचा पालिकेचाच असणार कारण सिमेंट चाललंय. कामाच्या ठिकाणी फलक लावणं कंत्राटदाराला सक्तीचं असतं, त्यावर कामाचं नाव, कंत्राटदार, खर्च, सुरू आणि संपायची तारीख, इंजिनीअरचा नंबर. तो शोधा. नसेल तर 'फलक नाही' हीच पहिली तक्रार करा, १९१६ वर, आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नाही, वहीत. मोबाईल पडतो. खड्ड्यात.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दोषदायित्व कालावधी. डीएलपी म्हणतात. रस्ता झाल्यावर इतकी वर्षं जे बिघडेल ते कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं. आताच्या सिमेंटच्या रस्त्यांना १० वर्षं आहे. म्हणजे भेग गेली, जॉइंट उखडला, खड्डा पडला तर पालिकेने परत पैसे द्यायचेच नाहीत. पण हे कुणी मागितलं तरच होतं. आमच्याकडे एक डांबरी रस्ता डीएलपीत असताना त्याच्यावरचे खड्डे पालिकेच्या खर्चाने बुजवायला माणसं आली, मी खाली उतरून विचारलं की हा रस्ता गॅरंटीत आहे ना मग तुम्ही कसे, तर ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यानंतर माहिती अधिकार टाकला. १० रुपये, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, ऑनलाईन पण होतो. मागायचं काय ते नीट मागा. 'रस्ता खराब का आहे' असं विचारलं तर उत्तर येतं 'प्रश्नार्थक असल्याने माहिती देता येत नाही'. मागा कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला, डीएलपीची तारीख, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि कोअर टेस्टचे रिपोर्ट. कोअर टेस्ट म्हणजे रस्त्यातनं गोल नळीसारखा तुकडा कापून काढतात आणि जाडी, ताकद तपासतात. आम्हाला मिळालेल्या कागदात जाडी बरोबर होती हो, पण डीएलपी संपायला पाच महिने बाकी होते आणि कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्या पाच महिन्यांत आम्ही आठ ठिकाणं दुरुस्त करून घेतली.

कोर्टाची_पायरी

ताईंच्या यादीत एक भर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमी झालं तर जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिलाय. दावा ऐकायला समिती आहे, त्यात पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. रक्कम नंतर जबाबदार अधिकारी नाहीतर कंत्राटदाराकडून वसूल करायची असंही त्यात आहे. तुमच्या आईंना काही झालं नाही हे देवाचे आभार, पण सोसायटीत कुणी पडलं तर डॉक्टरचा कागद आणि जागेचा फोटो त्याच दिवशीचा ठेवा, दुसऱ्या दिवशी ती जागा बुजवलेली असू शकते.

सगळे_मिळून_खाऊ

सेक्रेटरीबाई तुम्ही इलेक्शनला उभ्या का नाही राहिलात? मी मत दिलं असतं. पहिल्यांदाच असं लिहितोय इथे.

सेक्रेटरीबाई

सोसायटीच्या इलेक्शनला कुणी उभं राहत नाही म्हणून तर सात वर्षं मी आहे.

रिटायर्ड_सब_इंजिनीअर

इलेक्शनवरून आठवलं. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी बजेट मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं, स्थायी समितीत आरडाओरडा करणारं कुणी नाही. आम्ही नोकरीत असताना नगरसेवकांचा फार त्रास व्हायचा, सकाळी सातला फोन, माझ्या वॉर्डातली ही गल्ली यादीत का नाही. पण खरं सांगतो, तो फोन असायचा म्हणून आम्हाला निदान गल्लीचं नाव माहीत असायचं. ६ हजार कोटींचं कंत्राट पाच तुकड्यांत दिलं की गल्ली कुणाला दिसणार, एक्सेलची ओळ दिसते. आता नगरसेवक आलेत, तर तिसरा मजला, तुम्ही तुमच्या नगरसेवकाला गाठा, पण 'रस्ता करा' सांगायला नको, रस्ता तर चालूच आहे. त्याला सांगा की परिरक्षणाची पुढच्या वर्षीची यादी आणि रस्ते खात्याची यादी दोन्ही मागव आणि आपल्या प्रभागातल्या गल्ल्या जुळवून बघ. एका दुपारचं काम आहे.

आणि हो, काँक्रीटच्या कामावर देखरेखीला २०२४ पासून आयआयटी मुंबई पण नेमलीये, प्लांटवर आणि साईटवर तपासणी करतात. म्हणून म्हटलं घाईने ओतू देऊ नका, कुणीतरी फोटो काढतोय म्हटलं की कंत्राटदाराचा माणूस पण स्लम्प कोन बाहेर काढतो. स्लम्प कोन म्हणजे ती पत्र्याची टोपीसारखी वस्तू असते, त्यात काँक्रीट भरून ती सरळ वर उचलून घेतात आणि काँक्रीट किती खाली बसतं ते मोजतात. पाणी जास्त असलं की काँक्रीट पार पसरतं. लहान मुलाला पण कळेल इतकं सोपं आहे. खुर्ची टाकून बसा खाली, आईंना पण बसवा.

तिसरा_मजला

मंडळी सहा दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार. फलक सापडला! वडापावच्या गाडीमागे उलटा टेकवून ठेवला होता, त्याच्यावर कांद्याची टोपली. गाडीवाला म्हणाला घेऊन जा, मला काय, ऊन लागतं म्हणून लावलेला. इंजिनीअरचा नंबर लागला, माणूस बरा बोलला, परवा येऊन गेला. म्हणाला एका ठिकाणी जुनी पाण्याची लाईन आडवी आली आणि ती हलवायला जल खात्याची माणसं मिळेनात म्हणून आठवडा काम बंद होतं. आता लाईन हलवलीये, पण दुसरी बाजू मेमध्ये ओतणार नाही, डांबर टाकून पावसाळ्यापुरती चालू करून देणार आणि ऑक्टोबरात पुढचं. काका तुम्ही म्हणालात तेच. म्हणजे चौथ्यांदा खणणार हे आता नक्की झालं, पण निदान का ते माहितीये. चर_खणणारा भाऊ, तुमचं ऐकून सोसायटीच्या तीन घरांचे पाण्याचे अर्ज कालच दिले.

एक विचारायचं राहिलं. फलकावर दोषदायित्व कालावधी १० वर्षं असं छापलंय, पण 'कधीपासून' च्या पुढे जागा कोरी आहे. हे असंच असतं की इथे काही गडबड आहे?

रिटायर्ड_सब_इंजिनीअर

असंच असतं. तारीख काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर पडते, तोपर्यंत कोरीच. फलकाचा फोटो काढा, तारीख दिसेल असा त्या दिवशीचा पेपर शेजारी धरून. आणि तो फलक परत गाडीवाल्याला देऊ नका.